चौसष्ट जीबी आणि नागपूरची दुपार

मुंबईच्या २७ नंबरच्या धावपट्टीवर उतरताना माझं विमान दर वेळी एकाच ठिकाणी अडखळायचं. ठाण्याची खाडी ओलांडली आणि घाटकोपरच्या इमारती दाटीने दिसायला लागल्या, की स्क्रीन थिजायची. कधी पाव सेकंद, कधी जवळजवळ अर्धा. जमीन दोनशे फुटांवर आलेली असताना अर्धा सेकंद फार असतो. चित्र पुन्हा हलेपर्यंत विमानाचं नाक खाली गेलेलं असायचं आणि पुढची सगळी धडपड ते सावरण्यात जायची.

मी नागपूरचा. आमच्या गच्चीवरून सोनेगाव विमानतळावर उतरणारी विमानं दिसतात. लहानपणी त्यांची वेळ पाठ असायची मला. विमान चालवणं काही नशिबात नव्हतं. दिवसभर बांधकामाच्या अंदाजपत्रकांचं काम करतो, पण रात्री जेवणं झाली की नागपूर ते मुंबई हे उड्डाण मी घरच्या टेबलावरून करतो. त्यासाठीच २०२३ मध्ये गेमिंग लॅपटॉप घेतला : आय-७ १३७००एचएक्स प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅम, म्हणजे ८ च्या दोन पट्ट्या (स्टिक). नोव्हेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची नवी आवृत्ती आली आणि हे अडखळणं सुरू झालं.

भाचा इंजिनिअरिंगला आहे, आमच्याकडेच राहतो. तो म्हणाला, "मामा, ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय. आठच जीबी आहे त्याला." शंका रास्त होती. लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड बदलता येत नाही, त्यामुळे ती खरी निघाली असती तर विषय तिथेच संपला असता. म्हणून पैसे खर्च करण्याआधी मी टेक्श्चरची (जमिनीवर-इमारतींवर चढवलेल्या चित्रांची) सेटिंग दोन पायऱ्या खाली आणली. ग्राफिक्स कार्डची मेमरी साडेसात जीबीवरून पाचवर आली. अडखळणं मात्र जसंच्या तसं, घाटकोपरलाच.

मग टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर 'कमिटेड'चा आकडा पाहिला. लोक वरची टक्केवारी बघतात, पण ती फसवी असते, कारण विंडोज मेमरीचे जुने तुकडे डिस्कवर ढकलून ९० टक्क्यांच्या आसपास तग धरून राहतं. सगळ्या प्रोग्रॅमनी मिळून किती मेमरी मागितली आहे, ते कमिटेडमध्ये कळतं. माझ्याकडे तिथे २७ जीबी होते आणि हातात १६. रिसोर्स मॉनिटरमध्ये 'हार्ड फॉल्ट्स'चा आलेख लावून पुन्हा उड्डाण केलं. खाडी ओलांडताच तो आलेख भिंतीसारखा उभा राहिला. हार्ड फॉल्ट म्हणजे हवी असलेली गोष्ट रॅममध्ये नाही, ती एसएसडीवरून, म्हणजे लॅपटॉपच्या डिस्कवरून, उचलून आणावी लागली. एसएसडी कितीही वेगवान असली तरी रॅमपुढे ती बैलगाडीच. तेवढ्या वेळात प्रोसेसर थांबतो आणि प्रोसेसर थांबला की चित्र थांबतं.

मायक्रोसॉफ्टने या सिम्युलेटरसाठी तीन पातळ्या दिल्या आहेत : कमीत कमी १६ जीबी, शिफारस ३२ आणि आदर्श ६४. माझ्या लॅपटॉपच्या पुस्तिकेत 'कमाल ३२ जीबी' असं छापलेलं होतं. प्रोसेसरच्या तपशिलात मात्र मर्यादा कितीतरी वर आहे. लॅपटॉप बाजारात येतो तेव्हा ज्या स्टिक उपलब्ध असतात, त्यांवर कंपनी तपासणी करते आणि तोच आकडा छापते. स्लॉट दोन, दर स्लॉटला ३२, म्हणजे ६४ चालायला हवेत, असा माझा हिशेब होता. ४८ जीबीच्या स्टिकही मिळतात. त्यांत २४ गिगाबिटच्या चिपा असतात आणि त्या ओळखायला बायोस (लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) तयार असावं लागतं. माझ्या बायोसच्या नोंदींत तसा उल्लेख सापडला नाही, म्हणून तो मोह सोडला.

होळीच्या आधी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेलो. काउंटरवरचे भाऊ म्हणाले, "दोन कायले घेता भाऊ? एकच ३२ ची टाका, एक ८ ची राहू द्या. ४० होतात, पैसेही वाचतात." हा सल्ला वाईट हेतूने दिलेला नसतो, पण तो घेऊ नये. दोन स्टिक सारख्या असतील तर प्रोसेसर दोन्हींतून एकाच वेळी वाचतो. ८ आणि ३२ लावल्या तर पहिल्या १६ जीबीपुरती जोडी जमते, उरलेले २४ जीबी एकट्या रस्त्याने येतात. ४८०० वेगाच्या रॅमला दोन वाटांनी सेकंदाला ७६.८ जीबी जाऊ शकतात, एका वाटेने ३८.४. कोणती गोष्ट कोणत्या भागात पडेल, ते आपल्या हातात नसतं. मी ३२ च्या दोनच घेतल्या, डीडीआर-५ पिढीच्या, ५६०० वेगाच्या. सतरा हजारांच्या आसपास गेले. माझा प्रोसेसर त्यांना ४८०० वरच चालवणार हे माहीत होतं, पण ४८०० ची जोडी तेवढ्याच किमतीत मिळत होती, मग वरची का घेऊ नये?

घरी येऊन टेबल पुसलं, पंखा बंद केला, खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली. मागचे दहा स्क्रू काढले आणि एका कागदावर लॅपटॉपचा आकार काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी ठेवला, कारण पुढच्या बाजूचे तीन आखूड असतात आणि लांब स्क्रू तिथे पिळला तर वरचं प्लास्टिक फुटतं. झाकण जुन्या कार्डाने कडेकडेने सोडवलं. पहिलं काम बॅटरीची पिन काढायचं. त्यानंतर रॅमवरचा पत्रा उचलला.

जुनी स्टिक हातात घेतली तेव्हा एक गोष्ट दिसली, जी मी इतकी वर्षं कधी पाहिली नव्हती. तिच्यावर फक्त चार चिपा होत्या, लांबट, एका बाजूला. लेबलवर '१आरएक्स१६' लिहिलेलं. नव्या स्टिकवर दोन्ही बाजूंना आठ-आठ अशा सोळा चिपा आणि लेबल '२आरएक्स८'. आकार तोच, सोनेरी पिना तितक्याच, २६२. पण हा फरक नुसता दिसण्याचा नाही. डीडीआर-५ च्या 'एक्स१६' चिपेत बँकांचे (मेमरीच्या कप्प्यांचे) चार गट असतात, 'एक्स८' मध्ये आठ. एक गट कामात असताना दुसऱ्याकडे वळता येतं, म्हणून जितके गट जास्त तितकी वाट पाहणं कमी. स्वस्तात १६ जीबी देण्यासाठी कंपन्या ८ च्या अशा चार चिपांच्या दोन स्टिक लावून देतात. वेग ४८०० लिहिलेला असतो आणि तो खोटाही नसतो, पण त्या वेगाचा पुरता उपयोग त्या स्टिक करू शकत नाहीत. लॅपटॉप घेताना दुकानात हे कोणी सांगत नाही आणि मला याचा खरंच राग येतो.

नवी स्टिक तिरकी आत सरकवायची, पिना दिसेनाशा झाल्या की वरून दाबायची. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा 'टक्' असा आवाज आला पाहिजे. माझ्या दुसऱ्या स्टिकचा एकच चिमटा लागला होता. भाच्याने टॉर्च धरला म्हणून दिसलं, नाहीतर झाकण लावून बसलो असतो.

बटण दाबलं. दिवा लागला, पंखे फिरले, स्क्रीन काळी. एक मिनिट गेलं, दोन गेली. भाच्याचा हात बटणाकडे गेला, मी धरून ठेवला. डीडीआर-५ ची नवी स्टिक लावली की पहिल्यांदा प्रोसेसर तिच्याशी जुळवून घेतो. प्रत्येक तारेवर संकेत नेमका कधी वाचायचा याची सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागापर्यंत तपासणी चालते. स्टिक जितकी मोठी तितका वेळ जास्त. मधेच बंद केलं तर सगळं पहिल्यापासून. पावणेचार मिनिटांनी कंपनीचं चिन्ह उमटलं आणि बायोसमध्ये ६५५३६ एमबी दिसले. भाचा टाळ्या वाजवायला लागला.

त्या रात्री पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावला आणि झोपलो. त्याच्या फुकट आवृत्तीत चार फेऱ्या होतात. ६४ जीबीच्या चार फेऱ्यांना रात्र पुरली. सकाळी हिरवा 'पास'. कागदावर तारीख टाकून लिहून ठेवलं. त्या 'पास'वर मी जितका विश्वास ठेवला तितका ठेवायला नको होता, पण ते पुढे.

आता खरं मोजमाप. भाच्याच्या लॅपटॉपमध्ये १६ च्या दोन स्टिक होत्या, 'एक्स८' चिपांच्या. त्या दोन दिवसांसाठी मागून घेतल्या. म्हणजे चार जुळण्या झाल्या : मूळच्या ८ च्या दोन, १६ च्या दोन, ३२ च्या दोन आणि ३२ ची एकटीच. प्रत्येकीसाठी तेच उड्डाण. माथेरानच्या आसपास हवेत सुरुवात, ऑटोपायलट चालू, आकाश निरभ्र, वेळ सकाळी दहा, जिवंत हवामान आणि रहदारी बंद, दहा मिनिटांत धावपट्टी. चार्जर लावलेला, पंख्यांचा मोड एकच, ड्रायव्हर अपडेट होऊ नये म्हणून विंडोजचे अपडेट थांबवलेले. प्रत्येक जुळणीला चार वेळा उडायचं आणि पहिलं उड्डाण मोजायचं नाही, कारण पहिल्या वेळी शेडर (चित्र रंगवायच्या सूचना) आणि नकाशाचे तुकडे साठवले जात असतात. फ्रेमची, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्राची, नोंद कॅपफ्रेमएक्स या प्रोग्रॅमने घेतली.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण सगळं तिच्यावर अवलंबून आहे. रॅमची परीक्षा सरासरी एफपीएसवर (सेकंदाला किती फ्रेम) घेऊ नये. दहा मिनिटांत ५० च्या दराने तीस हजार फ्रेम होतात. त्यांतल्या वीस फ्रेमना प्रत्येकी अर्धा सेकंद लागला, तरी सहाशे सेकंदांतले दहाच सेकंद गेले आणि सरासरी जेमतेम एखाद्या आकड्याने हलते. पण खेळणाऱ्याला त्या वीसच फ्रेम आठवतात. म्हणून सर्वांत संथ एक टक्का फ्रेम, म्हणजे त्या तीनशे फ्रेम वेगळ्या काढून त्यांचा दर बघायचा. गेमिंगवाले त्याला 'वन पर्सेंट लो' म्हणतात.

मूळच्या १६ जीबीवर सरासरी ४४ आणि एक टक्क्याचा दर १७. सर्वांत वाईट फ्रेम ४८० मिलिसेकंदांची, जागा घाटकोपर. भाच्याच्या ३२ जीबीवर सरासरी ४८ आणि एक टक्का थेट ३४. माझ्या ६४ जीबीवर ४८ आणि ३५. आणि ३२ ची एकच स्टिक लावली तेव्हा सरासरी ४१, एक टक्का २५.

या शेवटच्या दोन आकड्यांकडे मी बराच वेळ बघत बसलो. जागा दुप्पट, तरी सरासरी मूळ १६ जीबीपेक्षाही खाली. थिजणं गेलं होतं, हार्ड फॉल्टचा आलेख सपाट होता, पण सगळं उड्डाणच जड वाटत होतं. कोणी एकच मोठी स्टिक घालायला सांगितलं तर मी त्याला हा कागद दाखवतो.

भाचा मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीकडे बघत होता. "मामा, म्हणजे ३२ आणि ६४ मध्ये एकाच आकड्याचा फरक? एवढ्या पैशांत?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं, तोवरच्या चाचणीपुरतं. सायबरपंक २०७७ या गेममध्ये तर आणखी कमी. तिथे मूळच्या स्टिकवर ८२ आणि नव्यांवर ८५, तेही चिपांच्या गटांमुळे, जागेमुळे नाही. सिटीज : स्कायलाइन्स २ मध्ये भाच्याने वसवलेलं दीड लाख वस्तीचं शहर उघडलं. १६ वर ते रडत होतं, ३२ वर नीट चाललं, ६४ वर तितकंच. जी गोष्ट पोत्यात मावते ती मोठ्या पोत्यात घातल्याने वाढत नाही.

पण दहा मिनिटांचं उड्डाण हे माझं रोजचं उड्डाण नव्हे. मी नागपूरहून निघतो. बाजूला नकाशाचा प्रोग्रॅम उघडा असतो, ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस टॅब, मागे स्क्रीनचं रेकॉर्डिंग चालू, आणि दिवसभराचं अंदाजपत्रकाचं काम बंद करायचं राहिलेलं. म्हणून दुसरी चाचणी तशीच घेतली, सोनेगावच्या धावपट्टीपासून मुंबईपर्यंत, मध्ये काहीही बंद न करता. ३२ जीबीवर पहिले पन्नास मिनिटं छान गेली, मग कमिटेड ३८ वर पोचलं आणि खाडीजवळ तो ओळखीचा झटका परत आला. पूर्वीसारखा लांब नव्हता, पण होता. ६४ वर शेवटपर्यंत आलेख सपाट राहिला. शिवाय उरलेली मोकळी रॅम विंडोज फुकट ठेवत नाही, डिस्कवरून एकदा वाचलेल्या फायली तिथे धरून ठेवतं. सिम्युलेटर बंद करून पुन्हा उघडलं तर पहिल्या वेळी एक मिनिट पन्नास सेकंद, दुसऱ्या वेळी एक दहा.

एक धक्का सी ड्राइव्हने दिला. अचानक एकोणीस-वीस जीबी जागा कमी झाली. हायबरनेटची (बंद करताना रॅममधलं सगळं डिस्कवर साठवण्याची) फाइल रॅमच्या साधारण ४० टक्के धरली जाते, १६ ला साडेसहाच्या आत, ६४ ला पंचवीसच्या वर. मी हायबरनेट वापरत नाही, बंद केलं, जागा परत आली.

असे दोन आठवडे सुखाचे गेले. गुढीपाडव्याच्या सुमाराला भाच्याने पेन ड्राइव्हवर एका विमानतळाच्या देखाव्याची ११ जीबीची झिप दिली. माझ्याकडे ती उघडेना. मध्येच सीआरसीची (फाइलमधली माहिती जुळत नसल्याची) चूक दाखवून थांबायची. त्याच्या लॅपटॉपवर सुरळीत उघडत होती. पेन ड्राइव्ह बदलला, पुन्हा कॉपी केली, तेच. वैतागून ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता सहज क्लिक केलं आणि ती पूर्ण उघडली.

सकाळी उघडणारी फाइल दुपारी उघडत नव्हती. हे असं दोन दिवस झालं, तेव्हा मी खेळणं बंद करून त्यामागे लागलो.

पहिल्यांदा फाइलचा एसएचए-२५६ काढला. फाइल न बदलता कितीही वेळा काढला तरी ही अक्षरांची लांब ओळ तीच यायला पाहिजे, एकही अक्षर इकडेतिकडे नको. सकाळी पाच वेळा काढली, पाचही सारख्या. दुपारी तासभर खेळून पुन्हा पाच वेळा काढली. तीन सारख्या, दोन वेगळ्या. एसएसडीची तब्येत तपासली, ठीक होती. मग लक्ष गेलं ते एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये दिसणाऱ्या रॅमच्या तापमानाकडे. डीडीआर-५ च्या स्टिकवर तापमापक असतो, ही मला त्या दिवशी सापडलेली सर्वांत उपयोगी गोष्ट. सकाळी दोन्ही स्टिक ४६ अंशांवर होत्या. खेळल्यानंतर खालची ७२, वरची ७९. लॅपटॉपमध्ये रॅम ग्राफिक्स कार्डच्या नळ्यांपासून चार बोटांवर असते, वर पत्र्याचं झाकण, वारा जवळजवळ शून्य. त्यात नागपूरचा मार्च संपत आलेला, बाहेर चाळिशी गाठलेली, आणि आमच्याकडे कूलरला खसच्या ताट्या अजून लावायच्या होत्या.

मग त्या रात्रीच्या मेमटेस्टचा अहवाल पुन्हा उघडला. त्यात तापमान लिहिलेलं होतं : सर्वांत जास्त ४९. सगळ्या चार फेऱ्या गार रॅमवर झाल्या होत्या. मेमटेस्ट विंडोजच्या बाहेर चालतो, तेव्हा ग्राफिक्स कार्ड नुसतं बसून असतं, त्यामुळे रॅम कधी तापतच नाही. जी रॅम गेममध्ये ७९ वर काम करणार आहे, तिला मी ४९ वर पास केलं होतं.

रॅम म्हणजे अब्जावधी इवल्या टाक्या, त्यांत विद्युतभार साठवलेला. तो सतत गळत असतो, म्हणून ठरावीक वेळाने परत भरावा लागतो. तापमान वाढलं की गळती वाढते. चांगल्या चिपा ८५ अंशांपर्यंत नेहमीच्या भरण्यावर टिकतात, त्यापुढे दुप्पट वेळा भरावं लागतं. माझ्या स्टिकवर कुठेतरी एक कमकुवत कोपरा होता, जो ७५ च्या वर टिकत नव्हता. 'पण डीडीआर-५ मध्ये चूक दुरुस्त करायची सोय असते ना?' असं भाच्याने विचारलं. असते, पण चिपेच्या आतच. १२८ बिटांमागे ८ जादा बिटं असतात आणि त्यांवरून एक चुकलेलं बिट सुधारता येतं. एकाच गटात दोन बिटं चुकली, किंवा चिपेतून बाहेर पडल्यावर वाटेत घोटाळा झाला, तर ती सोय कामाची नाही. सर्व्हरमधली ईसीसी रॅम वेगळी, ती वाटेतल्या चुकाही पकडते.

आणि हे दोन आठवडे लपून कसं राहिलं? ६४ जीबीमुळेच. एवढ्या मोठ्या जागेत खराब कोपरा नेमका गेमच्या वाट्याला यायची शक्यता थोडी. आला तरी एखाद्या झाडाचा रंग क्षणभर चुकला असेल, कोणाला कळतंय? पण मोकळ्या जागेत विंडोज फायली धरून ठेवतं, त्या कोपऱ्यात माझी झिप बसली आणि पकडली गेली. या विचाराने मात्र मी हादरलो, कारण त्याच लॅपटॉपवर माझी अंदाजपत्रकं होती. त्या दोन आठवड्यांत सेव्ह केलेली प्रत्येक फाइल मी जुन्या प्रतीशी ताडून पाहिली. आकडे शाबूत होते. दोन रात्री झोप नीट लागली नाही, तरी ते ताडून पाहिल्याशिवाय राहवलं नसतं.

तापलेल्या रॅमची परीक्षा विंडोजमध्येच घ्यावी लागते. एका बाजूला टेस्टमेम५ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम आणि त्याच वेळी ग्राफिक्स कार्डवर पूर्ण भार. दुपारी अडीचला खिडकी उघडी ठेवून सुरू केलं. ६० ला काही नाही, ७० ला काही नाही. अकराव्या मिनिटाला वरची स्टिक ७६ वर पोचली आणि प्रोग्रॅममध्ये पहिली चूक उमटली. विसाव्या मिनिटापर्यंत सात. मग टेबलफॅन लॅपटॉपच्या पोटाखाली लावून तीच चाचणी दोन तास चालवली. रॅम ६८ च्या वर गेली नाही आणि चूक एकही नाही.

दोष स्टिकचा की स्लॉटचा, हे ठरवायला दोन दुपारी गेल्या. पहिली स्टिक एकटी, आधी वरच्या स्लॉटमध्ये, मग खालच्या. नंतर दुसरी तशीच. प्रत्येक वेळी स्क्रू, पत्रा, बॅटरीची पिन, दोन-तीन मिनिटांची काळी स्क्रीन. पहिली स्टिक दोन्हीकडे स्वच्छ. दुसरी दोन्हीकडे चुकली, खालच्या स्लॉटमध्ये फक्त थोड्या उशिराने, कारण तो पाच-सहा अंश गार असतो. तिच्या लेबलवर मी मार्करने फुली मारली.

दुकानात भाऊ म्हणाले, "सगळे गेम चालतात ना? मग खराब कशी म्हणता?" त्यांनी ती आपल्या मशीनमध्ये लावून वीस मिनिटं मेमटेस्ट चालवला. दुकानात एसी होता. पास झाली. त्यांची चूक नव्हती, मीही तसाच फसलो होतो. मोबाइलमधला व्हिडिओ दाखवला, ज्यात घड्याळ, तापमान आणि चूक एकाच वेळी दिसत होतं. त्यांनी तो दोनदा पाहिला, आतल्या मुलाला बोलावून दाखवला आणि जोडीच वॉरंटीत पाठवली. एकटी पाठवू नका, जोडी बिघडते, असं त्यांनीच सुचवलं आणि ते योग्य होतं.

पुढचे अठरा दिवस मूळच्या १६ जीबीवर. घाटकोपरला झटका पुन्हा सुरू. दोन आठवडे सुरळीत उडाल्यावर तो जास्तच बोचत होता.

नवी जोडी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आली, पारा ४४ च्या आसपास असताना. बायको म्हणाली, "कूलर लावा की आता तरी, ताट्या कालच भिजवल्यात." मी मुद्दाम लावला नाही. रात्री मेमटेस्ट, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता कूलर बंद, खिडकी उघडी, ग्राफिक्स कार्डवर भार आणि टेस्टमेम५. मी आणि भाचा ओल्या पंचाने मान पुसत तीन तास बसलो. वरची स्टिक ८३ वर जाऊन थांबली. चुका शून्य. लगेच त्या ११ जीबीच्या झिपचा एसएचए-२५६ दहा वेळा काढला. दहाही ओळी कागदावर एकाखाली एक लिहिल्या, दहाही सारख्या. मग कूलर लावला.

त्यानंतर वर्षअखेरीस डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमच्या किमती कुठच्या कुठे गेल्या. आता कोणी विचारलं, तर मी आधी कमिटेडचा आकडा विचारतो. २५ च्या आत असेल तर ३२ पुरेत, तेही दोन स्टिकमध्ये. माझ्यासारखं सगळं उघडं ठेवून लांब उडणारा असेल तरच ६४. आणि जे घ्याल ते पहिल्या आठवड्यातच तापवून तपासा, कारण दुकानात परत नेण्याचे दिवस मोजके असतात.

नवी जोडी तपासली त्या रात्री नागपूरहून निघालो. ब्राउझर उघडा, नकाशा उघडा, रेकॉर्डिंग चालू. माथेरान मागे पडलं, खाडी आली, घाटकोपरच्या इमारती एकेक करून वर उगवत गेल्या. शंभर, पन्नास, तीस असे फूट कॉकपिटमधला आवाज मोजत होता. चाकं टेकली. मध्ये एकदाही हात आवळावा लागला नाही.

भाचा मागे उभा होता. तो आपल्या खोलीत गेला आणि पाचच मिनिटांत लॅपटॉप घेऊन परत आला. एचडब्ल्यूइन्फो उघडं होतं. "मामा, माझ्या १६ वाल्या गेममध्ये ८१ वर जातात. उद्या दुपारी माझ्याही तपासू?"

मी पेन ड्राइव्ह काढून त्याच्या हातात दिला.